पान सातवरचा भुंगा

माझ्या धंद्यात चष्म्याइतकीच पट्टी लागते. साधी लाकडी पट्टी, एका कडेनं झिजलेली. ती प्रुफातल्या ओळीखाली धरायची, ओळ वाचायची, डावीकडच्या हस्तलिखिताशी ताडून बघायची आणि पट्टी खाली सरकवायची. पॅरिसमध्ये तोंब-इस्वार रस्त्यावरच्या एका फरसबंद अंगणात आमचा छापखाना होता. त्याच्या माडीवरच्या काचेच्या खोलीत बसून मी एकतीस वर्षं एवढंच केलं. माझं नाव सोलांज पेरोशों. लग्न केलं नाही, आणि त्यावर कुणी हळहळायला लागलं की ती पट्टी त्याच्या डोक्यात घालावीशी वाटते.

बाकीचे मुद्रितशोधक जोडीनं बसतात. एक जण हस्तलिखित मोठ्यानं वाचतो, दुसरा प्रूफ बघतो. मला कानाशी कुणाची कटकट सहन होत नाही, म्हणून दोन्ही मीच वाचत असे. पुढं जे घडलं त्यात या सवयीचा मोठा वाटा आहे.

छापायचे शिशाचे खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्याची नजर घसरून एखादा शब्द किंवा अख्खी ओळ जुळवायची राहून गेली, तर त्या चुकीला आमच्या धंद्यात भुंगा म्हणतात. ‘चौदाव्या पानावर भुंगा बसलाय’ असं वरून ओरडलं की खाली कळतं, तिथं काहीतरी गाळलं गेलंय. जिथं काहीच नाही त्याला भुंगा का म्हणायचं, हे मी नवी असताना जेदेओंबाबांना विचारलं होतं. जेदेओंबाबा आमचे सगळ्यांत जुने जुळारी. शिशाचं विष चढू नये म्हणून दिवसभर दूध पिणारे आणि संध्याकाळी दारूनं त्याची भरपाई करणारे.

“रिकामी जागा गप्प बसत नाही, पोरी,” ते म्हणाले. “म्हणून.”

मी तेव्हा हसले होते.

घरी मी आणि माझी धाकटी बहीण होनोरिन. तिचा नवरा रेल्वेत होता, चव्वेचाळीसच्या बॉम्बहल्ल्यात गेला. तेव्हापासून ती माझ्याकडे. दागेर रस्त्यावर तिसऱ्या मजल्यावर आमच्या दोन खोल्या. दारामागं कोटासाठी दोन खुंट्या आहेत आणि तिसरी एक खूप खाली, माझ्या कमरेशी, तिच्यावर होनोरिन बाजाराची पिशवी अडकवते. तिच्या डाव्या कमरेत कळ येते, त्यामुळं ती लंगडते. आमच्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी एकदा तपासून सांगितलं, “बाळंतपणात जोर पडलाय बाई, आता हे असंच राहणार.” होनोरिनला मूलबाळ झालेलं नाही. आम्ही जिना उतरेपर्यंत हसत होतो. म्हातारबुवांनी आता दवाखाना बंद करावा, यावर आमचं एकमत झालं.

तर एक्तॉर द मोरसांज. हे नाव आता कुणाला आठवत नाही, पण एके काळी मेट्रोच्या प्रत्येक डब्यात दोघांच्या तरी हातात त्याची कादंबरी असायची. खरं नाव एमिल बुझिगों. शातोरूच्या बाजारात आतडी विकणाऱ्याचा मुलगा. नावातलं ते सरदारी ‘द’ त्यानं स्वतःच चिकटवून घेतलं होतं. एकतीस साली त्याची पहिली कादंबरी आमच्याकडे आली. दलदलीतला किल्ला, बंद मनोरा, वेडी सरदारीण आणि भिंतीत चिणलेलं कुणीतरी. खपली. मग वर्षाला दोन, कधी तीन. युद्धानंतर किल्ल्यांचा बाजार उठला, तेव्हा त्यानं तेच प्रेत उचलून पॅरिसच्या बिऱ्हाडात आणून टाकलं, शेजारी एक पोलीस अधिकारी उभा केला आणि गुन्हेगारी कादंबरीकार म्हणून मिरवायला लागला. सत्तेचाळीस साली बक्षीस, मग दोन सिनेमे, अकरा भाषांत भाषांतरं. चांदीच्या मुठीची काठी आली. आतड्यांचा वास मात्र गेला नाही, असं मला वाटे. पण मी त्याचा द्वेष करत होते, तेव्हा माझ्या नाकावर विश्वास ठेवू नका.

त्याची प्रत्येक कादंबरी एकाच वाक्यानं सुरू होई: ‘हे मी, एक्तॉर द मोरसांज, माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे.’ वाचकांना त्या वाक्याची चटक लागली होती. आमचे प्रकाशक ब्रुन्याक तर ते जाहिरातीत छापत. आणि ते अगदीच खोटं नव्हतं. तो माणसं कल्पनेतून आणत नसे. ओळखीच्या माणसाचा चेहरा, चाल, सवय, सगळं चौकटीच्या कागदावर जांभळ्या शाईनं जसंच्या तसं उतरवी.

प्रूफ मात्र कधी बघत नसे. “मी जेवतो,” तो म्हणे, “भांडी घासत नाही.” ‘छापण्यास हरकत नाही’ या चिठ्ठीवर न वाचता सही ठोकून द्यायचा. म्हणजे त्याचं लिखाण या जगात नीट वाचणारी मी एकटीच.

छत्तीस सालच्या मे महिन्यात मी एका प्रुफाच्या समासात लिहिलं की चाळिसाव्या पानावर सरदारणीचा झगा निळा आहे आणि नव्वदाव्यावर हिरवा. तो त्या दिवशी नेमका छापखान्यात आला होता. ब्रुन्याकनी ते पान त्याला दाखवलं.

“मादमोआझेल पेरोशों,” तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “ज्यांचा झगा उतरवायला कधी कुणी आलं नाही, त्यांनाच दुसऱ्यांच्या झग्याची एवढी काळजी असते.”

खाली सगळे हसले. यंत्रावरचे हसले, ब्रुन्याक हसले. मी वर आले आणि पट्टी धरली. त्याच पुस्तकाच्या एकशेतिसाव्या पानावर मला भुंगा सापडला. हस्तलिखितात ओळ होती: ‘ती मागच्या दाढेनं अक्रोड फोडी आणि हसत अर्धा समोरच्याच्या तळहातावर ठेवी.’ प्रुफात ती नव्हती. ती ओळ कुणाची, हे मला पाहताक्षणी कळलं. त्याची बायको बेर्त. गोल चेहऱ्याची, मोठ्यानं हसणारी. मी पुस्तकं पोचवायला गेले की माझ्याही हातावर अर्धा अक्रोड ठेवायची.

तो भुंगा मी पाहिला, आणि सोडून दिला. जाऊ दे याचं पुस्तक भोक पडलेलं, असं म्हणून मी पट्टी खाली सरकवली. एकतीस वर्षांत जाणूनबुजून सोडलेली ती माझी एकच चूक.

सप्टेंबरात नव्या प्रती घेऊन मी त्याच्या घरी गेले. दार त्यानंच उघडलं.

“मादाम बेर्त नाहीत?” मी विचारलं.

“कोण बेर्त?”

मला वाटलं भांडण झालं असेल. खाली येऊन दारवान बाईला विचारलं. ती म्हणाली, “मस्यो तर पहिल्यापासून एकटेच राहतात हो. कुणी सांगितलं तुम्हाला?” ब्रुन्याक त्यांच्या लग्नात नाचले होते, त्याचा फोटो कचेरीत लावलेला होता. मी फोटोसमोर उभी राहिले. ब्रुन्याक होते, एक्तॉर होता, आणि दोघांच्या मध्ये एका माणसाएवढी जागा सुटली होती. “हा फोटो? कसलीशी पार्टी,” ब्रुन्याक म्हणाले. “एक्तॉर आणि लग्न! बरी आहेस ना?”

मी हस्तलिखित काढून बघितलं. जांभळ्या शाईत ओळ जागच्या जागी होती.

पुष्कळ दिवस मी स्वतःलाच वेडी ठरवून पाहिलं, पण ते जमेना. कारण ‘कोण बेर्त?’ म्हणताना तो डाव्या हाताचं बोट चोळत होता, आणि तिथं अंगठीचा पांढरा वळ होता. त्याला ती आठवत होती. ज्यानं ओळ लिहिली त्याला, आणि जिनं ती हस्तलिखितात वाचली तिला. मला वाटलं, जगात बेर्तची आठवण असलेली दोनच माणसं उरली आहेत, आणि ती एकमेकांना पाण्यात पाहतात.

पुढच्या कादंबरीत त्यानं एक टीकाकार घातला. त्या बिचाऱ्यानं एका साप्ताहिकात त्याची सालं काढली होती. जानेवारी महिना होता, काचेच्या खोलीत बोटं वाकत नव्हती. साठाव्या पानावर आले आणि मला भुणभुण ऐकू यायला लागली. मी खिडक्या बघितल्या. बर्फ पडलेलं, भुंगा कुठला येणार? आवाज कागदातून येत होता. हस्तलिखिताशी ताडलं तर टीकाकाराचं वर्णन करणारी ओळ गायब. मी ती समासात लिहिली, खाली नेऊन जुळवून घेतली. भुणभुण थांबली. टीकाकार पुढं अठरा वर्षं जगला आणि एक्तॉरची सालं काढत राहिला.

पुस्तक आल्यावर एक्तॉर माडीवर आला. “काही राहून नाही ना गेलं, मादमोआझेल?”

“मी असताना राहत नाही,” मी म्हणाले.

हे असं बावीस वर्षं चाललं. प्रत्येक पुस्तकात एक जिवंत माणूस, आणि त्याच्याच ओळीवर भुंगा. त्याचा घरमालक. बक्षिसाच्या वेळी आडवा आलेला एक प्राध्यापक. त्याला सोडून गेलेली नटी. त्या सगळ्यांना मी समासातून परत आत घेतलं. त्यांतल्या एकाचीही मी ओळख करून घेतली नाही. पोलिसांकडे जाऊन काय सांगणार? जी बाई कधी नव्हतीच ती हरवली म्हणून? तो मला काढून टाका म्हणून ब्रुन्याकच्या मागं लागे, पण माझ्यासारखी नजर त्यांना कुठं मिळणार होती? आम्ही दोघं या गोष्टीबद्दल एक अक्षर बोललो नाही. जिन्यात समोरासमोर आलो की तो टोपी उचलायचा आणि मी नाक मुरडायची.

एकच पुस्तक माझ्या हातून निसटलं. एकोणपन्नास साली मला फुप्फुसाचं दुखणं झालं, तीन आठवडे अंथरुणात. तेव्हा तो मला बघायला घरी आला. फुलं घेऊन! मी आतल्या खोलीत तापानं फणफणले होते. तो स्वयंपाकघरात अर्धा तास बसला. अर्धवट दारातून मला त्याचा हात दिसत होता. जेवणाचा रुमाल गुंडाळून अडकवायचं कडं बोटावर गरगर फिरवून तो कुणाला तरी हसवत होता. होनोरिनलाच हसवत असेल. मी बरी होऊन कामावर गेले तोवर त्याची नवी कादंबरी दुसऱ्या मुद्रितशोधकाच्या हातून छापूनही झाली होती. हस्तलिखित मागितलं, तर सापडत नाही म्हणाले. मी ओळखीच्या सगळ्यांची मनातल्या मनात हजेरी घेतली. सगळे जागेवर होते. पण जो नाहीच त्याला हजेरीत कोण हाक मारणार?

आता अठ्ठावन्न सालचा फेब्रुवारी. त्याची एकसष्टावी कादंबरी. दुपारी एक वाजता मी पहिल्या फर्म्याचं, म्हणजे एकदम छापायच्या पहिल्या सोळा पानांचं, प्रूफ घेतलं आणि पान सात उघडलं. कथा तिथून सुरू होत होती. वर त्याचं नेहमीचं वाक्य, मग एका इमारतीचं वर्णन. आमचीच इमारत. फुटकी पायरी, कोबीचा वास, जिन्यातला गंजका कठडा. आणि भुणभुण एवढी मोठी झाली की मी हातातली पट्टी खाली ठेवली.

हस्तलिखितात होतं: ‘तिसऱ्या मजल्यावर लंगडी होनोरिन राही, ती सूप उलट्या हातानं ढवळी.’

प्रुफात नव्हतं.

नावही बदललं नव्हतं त्यानं. मी ती ओळ समासात लिहिली. अक्षर मुद्दाम मोठं काढलं. खाली जाऊन उभ्याउभ्या जेदेओंबाबांकडून जुळवून घेतली. ताजी ओतलेली शिशाची ओळ, हाताला चटका बसेल इतकी गरम. तेवढ्यात अंगणात काठीचा आवाज आला.

“आज मी प्रूफ बघणार आहे,” एक्तॉर म्हणाला.

ब्रुन्याक त्याच्या मागं होते. त्यांनाही नवल वाटत होतं. “सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा भांडी घासायला निघालास की!”

“कधी कधी घासावी लागतात.” त्यानं माझ्या हातातलं पान ओढून घेतलं. समासातल्या ओळीवर लांब शेपटाची ती खूण काढली, ‘काढून टाकावे’ याची आमची खूण, आणि खाली सही केली. छापण्यास हरकत नाही.

“मस्यो,” मी म्हणाले, “ही ओळ तुमच्याच हस्तलिखितात आहे.”

“असेल. मला आता नको आहे.”

“का?”

“गोष्टीला भार होतोय.” तो माझ्याकडे वळला आणि हलक्या आवाजात म्हणाला, “तुमच्या घरी सध्या दोघीच ना, मादमोआझेल?”

“आम्ही पहिल्यापासून दोघीच आहोत.”

तो हसायला लागला. खांदे हलेपर्यंत हसला. “हो हो. पहिल्यापासून दोघीच. तुमच्या आजारपणातलं माझं पुस्तक तुम्ही वाचलंच नाहीत, नाही का? वाचा कधीतरी. माझं सगळ्यांत चांगलं पुस्तक आहे ते.”

“ब्रुन्याकसाहेब,” मी म्हणाले, “माझं ऐका, ही ओळ राहू द्या. एकतीस वर्षांत काही मागितलं नाही मी.”

“सोलांज, एका ओळीसाठी काय एवढं? लेखकाची सही झाली म्हणजे झाली,” ब्रुन्याक म्हणाले. “दोन वाजता यंत्र सुरू होऊ दे. चल एक्तॉर, कोबी गार होईल.”

दोघं रस्ता ओलांडून समोरच्या खानावळीत गेले. मी कोपऱ्यावरच्या कॅफेत धावले आणि आमच्या इमारतीच्या दारवान बाईला फोन लावला.

“जरा होनोरिनला खाली बोलवा.”

“कुणाला?”

“माझ्या बहिणीला. तिसऱ्या मजल्यावर.”

“तिसऱ्यावर तर तुम्ही… थांबा हं. हो. होनोरिन. सकाळपासून डोकं असं झालंय बघा माझं. बोलावते.”

तिला बोलावून आणेपर्यंत थांबायचा धीर मला नव्हता. मी फोन ठेवला.

छापखान्यात पावणेदोन झाले होते. फर्मा आवळून यंत्रावर चढला होता. यंत्र सुरू करण्याआधी एक शेवटचा कागद काढतात आणि तो मुद्रितशोधकाला दाखवतात. लेखकाची सही झालेली असली तरी तो कागद पाहून मी मान हलवल्याशिवाय चाक फिरत नाही. धंद्याचा नियमच आहे तो. त्या एका नियमावर मी उभी होते.

“बाबा, मघाची ओळ कुठाय?”

“ही काय.” त्यांनी खिशातून काढली. शिसं गार झालं होतं. “पण त्यांनी खोडलीय, पोरी.”

“आत घाला.”

“पान भरलेलं आहे. एक ओळ घालायची तर एक काढावी लागेल. कुठली काढू?”

मी पान सात समोर धरलं. भुणभुण आता सगळ्या शेडमध्ये भरली होती. यंत्रावरचा माणूस डोक्याभोवती हात हलवत होता.

पट्टी घेतली. पहिल्याच ओळीखाली धरली.

‘हे मी, एक्तॉर द मोरसांज, माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे.’

लाल पेन्सिलीनं मी त्या ओळीवर खूण काढली. लांब शेपूट काढलं, सावकाश.

“हे तर त्यांचं वाक्य,” जेदेओंबाबा म्हणाले. “एकसष्ट पुस्तकं…”

“नजर घसरली म्हणा.”

“माझी नजर चाळीस वर्षांत घसरलेली नाही.”

“मग एवढे भुंगे कुठून आले, बाबा?”

“ते मी सोडलेले नव्हते,” ते म्हणाले. “ओळ मी जुळवायचो. प्रुफात नसायची. तुला कसं सांगणार होतो?”

मग त्यांनी वाकून फर्मा सैल केला, चिमट्यानं पहिली ओळ उचलली, दुसरी आत सरकवली आणि पुन्हा आवळलं.

मी मान हलवली. चाक फिरलं.

भुणभुण थांबली.

पहिला कागद हातात घेतला. पान सातवर होनोरिन होती. पुस्तकाच्या नावाच्या पानावर लेखकाच्या नावाची जागा कोरी होती. मी वाकून फर्म्यात बघितलं. नावाचे खिळे जागेवर होते, शाईनं ओले होते. कागदावर मात्र त्यांचा ओरखडासुद्धा उमटत नव्हता.

खिडकीतून समोरची खानावळ दिसत होती. काचेशेजारी ब्रुन्याक एकटेच बसले होते. टेबलावर आंबट कोबीच्या दोन भरलेल्या ताटल्या होत्या. दुसऱ्या ताटलीकडे ते थोडा वेळ बघत राहिले, आपण दोन का मागवल्या हे आठवत असल्यासारखे. मग त्यांनी तिच्यातलं सॉसेज उचललं आणि खाल्लं.

मला पश्चात्ताप झाला का? नाही. मी घरी पळाले. होनोरिन चुलीपुढं उभी राहून उलट्या हातानं सूप ढवळत होती. “अगं ताई, फोन करून ठेवून काय दिलास? मी जिना उतरून खाली गेले ना, या कमरेनं!” ती करवादली. मी तिला मिठी मारली. तिला कांद्याचा वास येत होता, आणि मी तिच्या खांद्यावर रडून घेतलं.

एक्तॉर द मोरसांज कुणालाच आठवत नाही. पुस्तकं अजून दुकानांत आहेत, लेखकाचं नाव नसलेली. ब्रुन्याक म्हणतात, ती आमच्या कचेरीतच तयार होतात, कुणी एक जण लिहीत नाही. सत्तेचाळीस सालचं बक्षीस कुणालाच दिलं नव्हतं म्हणे. तो गेल्यावर बेर्त परत येईल अशी मला आशा होती. ती आली नाही. राहून गेलेलं माणूस परत येत नाही.

गेल्या महिन्यात होनोरिननं टेबलाच्या खणातला जुना कागद बदलायला काढला, तेव्हा त्याखालून रुमालाचं एक कडं निघालं. आमची दोघींची कडी बाप्तिस्म्याला मिळालेली आहेत, माझ्यावर ‘एस’ आहे, तिच्यावर ‘एच’. हे तिसरं होतं. चांदीचं, लहान, त्यावर ‘व्ही’ हे अक्षर. कडेला बारीक बारीक खड्डे होते. मी चष्मा लावून बघितले. दातांच्या खुणा. नुकते दात फुटणारं मूल हाताला लागेल ते चावतं, तशा.

“कुणाचं गं हे, ताई?” होनोरिननं विचारलं.

“काय माहीत,” मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी छापखान्याच्या तळघरात उतरले. एकोणपन्नास सालचं हस्तलिखित या वेळी लगेच सापडलं, शेल्फवर पुढंच होतं, लपवणारं आता कुणी नव्हतं. मी ते घरी आणून कपाटावर ठेवलंय. दोरी सोडलेली नाही. ती ओळ वाचली की मला आठवेल, एवढं मला ठाऊक आहे. मग या घरात एकीला सगळं आठवेल, आणि जिचं ते होतं तिला काहीच आठवणार नाही. माझ्यात तेवढी ताकद नाही. रोज मी खुर्चीवर चढते, दोरीला हात लावते आणि उतरते.

ते कडं होनोरिननं घासून लख्ख केलं. का, ते तिलाही सांगता येत नाही. आता रोज दुपारी जेवताना ती तीन वाडगे मांडते. तिसऱ्यात थोडंसं सूप वाढते, पळीनं हलवते आणि कितीतरी वेळ त्यावर हलकी फुंकर घालत बसते.

आम्हा दोघींना सूप गरमच लागतं.